धाग्यानं कापलेलं बोट

आर्वीच्या आमच्या घरी ओसरीत माझा माग होता. माग म्हटलं की खड्ड्यात पाय सोडून बसायचा मोठा माग डोळ्यांसमोर येतो. माझा तसा नव्हता. मांडीपुढे मावेल एवढी लाकडी चौकट. तिच्यावर उभे धागे ताणायचे, आडवा धागा धोट्यानं त्यांच्यातून काढायचा आणि लाकडी फणीनं ठोकून बसवायचा. लग्नाआधी वर्ध्याच्या एका विणकाम वर्गात मी हे शिकले. माहेर समुद्रपूरकडचं, तिथून बसनं जाऊन-येऊन शिकले. लग्नात चौकट सोबत आणली तेव्हा सासरच्या बायका हसल्या होत्या. पुढे त्याच बायका पूजेची आसनं आणि खांद्याच्या झोळ्या माझ्याकडून करून नेऊ लागल्या.

घरात आम्ही चौघं. आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सासूबाई, त्यांना मी मामीजी म्हणायची. आणि आमची वंदी, तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागलेली.

ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. एका दुपारी मी पांढऱ्या सुताचं आसन विणत होते. मामीजी समोर डाळ निवडत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या,

"लाल धागा कायले घेतला वो? देवाच्या आसनात पांढरंच पाह्यजे."

"लाल कुठं घेतला, मामीजी?"

"मंग हे काय हाय?"

मी खाली पाहिलं. आसनाच्या काठाला लाल रेघा होत्या, एकीखाली एक, अगदी विणल्यासारख्या. उजव्या करंगळीला ताणलेल्या धाग्यानं आतपर्यंत चीर पाडली होती आणि मी तशीच विणत राहिले होते. मामीजींनी फडकं फाडून बोट बांधलं. बांधताना विचारलं, "दुखत नाई?"

"नाही."

त्यांनी फडक्याची गाठ मुद्दाम आवळली. पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उठल्या, मोरीत गेल्या आणि हात धुऊ लागल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पेनाचे ठिपके

खुणा आधीच्या होत्या, आम्हीच त्यांना दुसरी नावं दिली होती. दंडावर फिकट चट्टा होता, त्याला आम्ही शिबं म्हणायचो. पाठीवर आणखी होते, ते मला दिसत नव्हते. एकदा तव्याला मनगट टेकलं आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर मला कळलं. तेव्हा मी हसून म्हटलं होतं, सुतानं हात राठ झालेत.

आर्वीत दाखवायचं नाही असं यांनी ठरवलं. गाव छोटं, डेपोत चार लोक रोजचे. म्हणून आम्ही वर्ध्याच्या बाहेरच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डोळे मिटा. जिथं काही लागल्यासारखं वाटेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा."

मी डोळे मिटून बसले. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. मी वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "करा ना सुरू, डॉक्टर."

"झालं, बाई," ते म्हणाले.

डोळे उघडले तर दंडावर, मनगटावर, करंगळीवर, शेजारच्या बोटावर निळ्या शाईचे ठिपके. एवढ्या ठिकाणी पेन टेकवला होता, त्यातला एकही मला लागला नव्हता.

कानाच्या पाळीला चीर देऊन काचेवर काही घेतलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी शब्द उच्चारला, कुष्ठरोग. आमच्याकडे त्याला महारोग म्हणतात. बाकावर हे माझ्याशेजारी बसले होते. ते जरासे सरकले. फार नाही, वीतभर. डॉक्टर सांगत होते, नवीन औषधं आली आहेत, पूर्ण बरं होतं, घरीच राहायचं, गोळ्या सुरू झाल्या की हिच्यापासून कोणाला काही होत नाही. हे मान हलवत होते. मला त्यातलं अर्धंही ऐकू येत नव्हतं, कारण दारात बनाआत्या उभी होती.

बनाआत्या

बनाआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली आणि दोन-तीन वर्षांत तिला सासरच्यांनी आणून सोडलं. मी तेव्हा लहान होते. आमच्या वावराच्या टोकाला बाभळीपलीकडे तिला एक खोपडी बांधून दिली होती. जर्मनच्या ताटात भाकर नेऊन दगडावर ठेवायची आणि मागे फिरायचं. नेणारा बाभळीपर्यंत परत आला की मग ती बाहेर यायची. हात फडक्यात गुंडाळलेले असत. आम्हा पोरांना बाभळीपुढे जायची मनाई होती.

एकदा मी गेले होते. ती ओरडली नाही, जवळही आली नाही. लांबूनच म्हणाली, "कमे, मोठी झाली वो तू. जा आता, तुही माय पाह्यते."

पुढे एका मोसमात खोपडी रिकामी दिसली. मग ती जाळून टाकली. घरात सांगितलं, बनाआत्या वारली. दहावं झालं, तेरावं झालं. त्यानंतर तिचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही. आजीसुद्धा घेत नसे. मला वाटे, नाव घेतलं तर ती आवाजाच्या दिशेनं येईल म्हणून सगळे गप्प आहेत.

दवाखान्याच्या दारात ती आली ती तशीच, हात गुंडाळलेली. भास होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून काही उपयोग झाला नाही. ती आमच्यासोबत बसमध्ये बसली आणि आर्वीला उतरली.

घर

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी लालभडक झाली. तसं होतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी संडासात भिंत धरून उभी राहिले. मग अंगाचा रंग बदलू लागला. चेहरा तांबूस काळा पडला, चट्टे त्याहून काळे. शेजारणी विचारत, "काऊन वो कमल, इतकी कारी पडून राह्यली?" मामीजी परस्पर सांगत, "कावीळ होऊन गेली तिले." त्या माझ्यासाठी खोटं बोलत की घरासाठी, ते मला कधी कळलं नाही. दोन्ही असेल.

माझं ताट वेगळं झालं. कोणी तसं बोललं नाही. एक दिवस चुलीजवळच्या फळीवर एक ताट आणि एक पेला वेगळा दिसला, इतकंच. वंदी आजीजवळ झोपू लागली. यांनी माग सोडवला, ताणलेलं सूत कापलं आणि चौकट माळ्यावर टाकली.

"अर्धं आसन राह्यलं होतं," मी म्हटलं.

"आता कोन बसन त्या आसनावर?" हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. "उद्या कोनाले समजलं तं दारात कुत्रं फिरकनार नाई. वंदीचा इचार कर."

वंदीचाच विचार मी करत होते. ती शाळेतून आली की धावत यायची आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबायची. तिला कोणी शिकवलं होतं ठाऊक नाही. मलाही बाभळीपुढे जायचं नाही हे कोणी शिकवलं होतं?

दुपारी घर शांत असलं की ओसरीतून फणीचा आवाज येई. ठक, मग थांबून ठक. मी जाऊन पाही. माग नव्हताच तिथं, चौकटीचे पाय टेकून पडलेल्या खुणा तेवढ्या जमिनीवर होत्या. मी परत मागच्या खोलीत येऊन बसले की पुन्हा आवाज. मी आरशात बघणं सोडलं. त्या काळ्या पडलेल्या चेहऱ्यात मला माझं नाक-तोंड सापडेना, तिचं सापडे.

दवाखाना

काही महिन्यांनी उजव्या कोपरात कळ सुरू झाली. ज्या बोटांना सुरी लागली तरी कळत नव्हतं त्याच हाताच्या नसेत इतकं दुखावं याचं मला नवल वाटे. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळू लागलं. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, भरती व्हा, नाहीतर हात असाच राहील.

वॉर्डात आम्ही बायका. सकाळी उजेडात बसून आपापले हातपाय तपासायचे. कुठं भाजलं, कापलं, फोड आला का. मला ते पहिले काही दिवस फार भयंकर वाटलं, की आपल्याच शरीराची बातमी आपल्याला डोळ्यांनी वाचावी लागते. नंतर पाण्यात हात भिजवायचे, तेल लावायचं. मग कोमट मेणात बोटं बुडवून ती हळूहळू सरळ करायची. हाताला लाकडी पट्टी बांधलेली असे. जखमांचा वास, औषधाचा वास, आणि त्यातच कोणाच्या तरी केसांना लावलेल्या खोबरेलाचा वास.

चहा आणणारी एक बाई होती. ती कप माझ्या हातात देई. खाली ठेवून सरकवत नसे. हातात देई आणि मी नीट धरला हे दिसेपर्यंत सोडत नसे. माझ्या घरातून ती गोष्ट कधी गेली ते मला त्या कपानं समजलं. पहिल्या दिवशी मी इतकी रडले की चहा निवून गेला. ती म्हणाली, "दुसरा आनतो. पह्यल्या दिवशी सगळ्याच रडतेत."

वॉर्डामागे एक लांब खोली होती. तिथं छोटे माग होते, माझ्यासारखेच, चौकटीचे. फणीच्या दांड्याला कापडाचे बोळे गुंडाळलेले, बोटांना घट्टा पडू नये म्हणून. बऱ्या झालेल्या पण घरी न गेलेल्या बायका तिथं आसनं विणत. त्यांच्यातली रुखमा सगळ्यात म्हातारी. माझी पट्टी निघाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसू लागले. तिनं विचारलं, माहेर कुठलं? मी गावाचं नाव सांगितलं.

तिची फणी थांबली. "अवो, आमच्या बनाच्या गावची तू!"

"कोण बना?" मी विचारलं.

"बना वो, या खिडकीपाशी बसे. आता मागच्या उन्हाळ्यात गेली बिचारी. तापानं." मग माझ्याकडे निरखून पाहत तिनं विचारलं, "तू कोन लागतं तिची?"

ज्या बाईचं तेरावं माझ्या लहानपणी झालं होतं ती मागच्या उन्हाळ्यापर्यंत जिवंत होती. माझा आजार कळला त्याच्या थोडीच आधी ती गेली. मी तिला घरभर, बसभर, आरशात पाहत होते तेव्हा तिला जाऊन फार काळ झाला नव्हता.

रुखमानं सांगितलं. बना कधीचीच बरी झाली होती. डॉक्टर म्हणाले, घरी जा. ती गेलीही एकदा. गावच्या फाट्यावर उतरली, भावाला निरोप धाडला, भाऊ आला. झाडाखाली दोघं बोलले. उलट्या गाडीनं ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी मागावर बसली.

"काई बोलली नाई. फक्त येक करे. समुद्रपूरची येष्टी यायच्या टायमाले फाटकापाशी जाऊन उभी राहे. कोनी उतरत नसे. गाडी गेली का वापस येऊन बसे."

त्या गाडीत मी असे. विणकाम वर्गाला मी त्याच गाडीनं जात होते. ते फाटक आलं की बसमधले लोक खिडक्यांचे पडदे ओढून घेत, हे मला नीट आठवतं. फाटकाशी बायका उभ्या असत हेही आठवतं. त्यांच्यातला एखादा चेहरा आठवावा म्हणून मी त्या वॉर्डात पडल्या पडल्या फार प्रयत्न केला. आजही करते. चेहरा येत नाही.

मामीजी

घरी आले तेव्हा हात पुष्कळ सुधारला होता. दोन बोटं थोडी वाकडी राहिली आणि त्यांची जाण परत आली नाही. मी मागच्या खोलीत पडले होते, आणि ओसरीतून फणीचा आवाज आला. ठक. थांबून ठक. मी अंगावरची चादर तोंडावर ओढली. आवाज थांबेना. शेवटी उठून गेले.

मामीजी मागासमोर बसल्या होत्या. चौकट माळ्यावरून काढून त्यांनीच मांडली होती. सूत वेडंवाकडं ताणलेलं, धोटा उलटा धरलेला.

"मले येत नाई हे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तू बसून सांग, मी हात चालवतो. तुह्या बोटाले लागलं तं तुले समजनार नाई."

मी हातभर अंतर ठेवून बसले. त्या म्हणाल्या, "तिथून काय दिसते तुले? जवळ ये."

ताट वेगळं ते पुढेही बरेच दिवस वेगळंच राहिलं. भीतीतून माणूस एका बाजूनं सुटतो, दुसऱ्या बाजूनं नाही सुटत. पण माग ओसरीत राहिला, आणि कोणी काही विचारलं की मामीजी सांगत, "सुनेनं शिकवलं."

ज्या कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल त्यांना मला इतकंच सांगायचं आहे की लवकर दाखवा. माझी नस वाचली असती. आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी पेला हातात द्यावा. औषध डॉक्टर देतात, पेल्याचं काम त्यांना जमत नाही.

बाबा

बाबांना माझा आजार सांगितला नव्हता. गोळ्या संपल्या, काचेवर काही दिसेना झालं, तेव्हा मी एकटी माहेरी गेले. आई नव्हती. बाबा ओट्यावर बसले होते. मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. त्यांनी वाकडी बोटं पाहिली आणि विचारलंसुद्धा नाही.

"बरी झाली मी, बाबा," मी म्हटलं. "बनाआत्या झाली होती तशी."

ते म्हणाले, "कोनं सांगतलं?"

"तिथं तिच्यासोबत बसणारी बाई होती."

"मीच नेऊन सोडलतं तिले. बैलबंडीत. राती गावात कोनी म्हने जाळून टाका तिले, कोनी म्हने हिरीत लोटा. म्हनून पहाटंच नेली." त्यांचा आवाज कोरडा होता. "गावाले सांगतलं, मेली. तेरावं घातलं."

"ती परत आली होती, बाबा. फाट्यावर."

"आलती." ते ओट्याच्या कडेची माती नखानं उकरत राहिले. "बरी होऊन आलती. लुगडं नवं नेसून. मी म्हनलं, बने, तुहं तेरावं झालं. गावजेवन झालं. जित्या बाईले आता घरात कसं घेऊ? आन... तुही सोयरीक ठरून राह्यली होती आर्वीले. तिले सांगतलं. तं म्हने, कमीची? मंग राहू दे. आन गाडीत बसली."

मी रडले नाही. रडायचं कोणासाठी ते ठरेना. माझं लग्न, यांचं घर, वंदी, हे सगळं त्या झाडाखाली उभ्या राहिलेल्या एका बाईनं माघारी फिरून मला दिलं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. रुखमा काठी टेकत आम्हाला खोल्यांच्या मागे घेऊन गेली. कडुनिंबाची झाडं होती, त्यांच्याखाली मातीचे उंचवटे. नावं नव्हती. तिनं काठीनं एक दाखवला, मग दुसरा दाखवला, मग म्हणाली, "इथीच कुठीतरी. पाऊस झाला, आता समजत नाई."

बाबा उभे राहिले. हात जोडतील असं मला वाटलं. त्यांनी हात जोडले नाहीत. तोंडाशी हात धरून, वावरातून माणसाला हाक मारतात तशी, मोठ्यानं हाक मारली. "बने! ओ बने!"

मागाच्या खोलीतल्या सगळ्या फण्या एकदम थांबल्या. खिडकीत तोंडं दिसली, म्हाताऱ्या बायकांची. त्यांच्यातली एक भिंत धरत दारापर्यंत आली. तिनं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"कोनाचं मानूस आलं वो?"

बाबा वळून फाटकाकडे चालू लागले. ती दारात तशीच उभी राहिली. आम्ही फाटकापर्यंत गेलो तरी उभी होती.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी खिडकीबाहेर बघत होते. जाम गाव मागे पडलं, शेतं लागली. केव्हातरी माझी नजर खाली गेली. माझी ती दोन बोटं बाबांनी मुठीत घट्ट धरली होती, इतकी घट्ट की त्यांची नखं पांढरी पडली होती. कधीपासून धरली होती, मला कळलं नव्हतं.